आरसीवर अजून पेट्रोलच आहे

मारुती ८००चं इंजिन काढायला दोन माणसं, एक चेन पुली आणि साधारण चार तास लागतात. रेडिएटरचं पाणी सोडायचं, होज काढायचे, वायरिंगच्या प्रत्येक कनेक्टरवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून नंबर घालायचा, सायलेन्सर सोडवायचा, माउंटिंगचे बोल्ट काढायचे आणि साखळी ओढत राहायची. ७९६ सीसीचं ते तीन सिलिंडरचं धूड गिअरबॉक्सपासून सुटलं की हलणारा दात निघावा तसं वर येतं. पेट्रोलची गाडी घरच्या घरी इलेक्ट्रिक करण्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील तर हा प्रसंग तुम्हाला पाठ असेल. पाठीमागे जोरदार म्युझिक, इंजिन हवेत, सगळ्यांच्या टाळ्या. बघणाऱ्याला वाटतं, अवघड काम झालं. खरं तर सगळ्यात सोपं काम तेवढं झालेलं असतं.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. डिग्री मेकॅनिकलची, नोकरी आयटीची. माझ्या बॅचमधल्या कित्येकांची हीच कथा, त्यामुळे तिचं फार कौतुक नको. गाव कागल तालुक्यात. गावाबाहेर आमचा तीन एकरांचा मळा आहे, तिथे गोठ्याला लागून पत्र्याचं शेड आहे, आणि त्या शेडमध्ये २००७ सालची पांढरी मारुती उभी होती. पप्पांनी नवी घेतलेली एकमेव गाडी. ते सरकारी कार्यालयात क्लार्क होते, आता रिटायर आहेत.

२०२२ मध्ये गाडीला पंधरा वर्षं झाली. त्याच वर्षी १ एप्रिलपासून जुन्या कारचं रजिस्ट्रेशन पुन्हा करायची फी ६०० रुपयांवरून ५००० झाली होती. पप्पांनी ती भरली, फिटनेस करून घेतला, पाच वर्षांची मुदत वाढवून आणली आणि वर्षभरात इंजिन ऑइल प्यायला लागलं. गॅरेजवाला म्हणाला, रिबोअर करावं लागेल, नाहीतर भंगारात द्या, २२ हजार येतील. पप्पांना २२ हजारांत द्यायची नव्हती आणि रिबोअरला पैसेही घालायचे नव्हते. गाडी शेडमध्ये गेली. तिच्या बॉनेटवर कोंबड्या बसायला लागल्या.

मला विचाराल तर पर्यावरण वगैरे मनात फार नव्हतं. दिवसभर मी जे लिहितो ते एका मोठ्या सिस्टिमचा एवढासा कोपरा असतं. तो कोपरा कुठे वापरला जातो हे मला माहीत असतं, पण हाताने दाखवता येत नाही. एक तरी यंत्र असं असावं ज्याचा प्रत्येक बोल्ट आपल्याला ठाऊक आहे, एवढीच इच्छा. आणि मारुती ८०० त्यासाठी उत्तम. गाडी हलकी, साडेसहाशे किलोच्या आसपास. बॉनेट उघडलं की जमीन दिसते.

जगभर हे करणारी माणसं खूप आहेत. अमेरिकेत सत्तरच्या दशकात तेलाचे भाव भडकले तेव्हापासून लोक गॅरेजमध्ये फोर्कलिफ्टच्या मोटरी आणि गोल्फकार्टच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या गाड्यांत बसवत आले. पुढे लिथियम सेल मिळायला लागले तेव्हा जॅक रिकार्ड नावाचा एक म्हातारा मिझुरी राज्यातल्या केप जिरार्डो या गावातून दर आठवड्याला तास-दोन तासांचे व्हिडिओ टाकायचा. शांतपणे, भरपूर विषयांतर करत. २०२० मध्ये तो गेला. त्याचे व्हिडिओ आजही मी जेवताना लावतो. आयर्लंडचा डेमियन मॅग्वायर जुन्या बीएमडब्ल्यूंत टेस्लाच्या मोटरी घालतो. जर्मनीतल्या योहानेस ह्युबनरने तर इन्व्हर्टर चालवणारा अख्खा सॉफ्टवेअर-हार्डवेअर संच लिहून सगळ्यांसाठी खुला ठेवलाय. अपघातात गेलेल्या निसान लीफची मोटर मूळ कंपनीच्या कम्प्युटरशिवाय चालवता येते ती असल्या लोकांमुळे. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला यात एक घरचा वास येतो: कोणीतरी बंद पेटी उघडली आणि आत काय आहे ते लिहून ठेवलं.

आमच्याकडे लीफ नाही. पण महिंद्राची ई-टू-ओ होती, २०१३ला आलेली, बंगळुरूच्या रेवाची पुढची पिढी. तिची मोटर साधारण १९ किलोवॉटची, म्हणजे २५ हॉर्सपॉवर. मारुतीचं इंजिन ३७ हॉर्सपॉवरचं. आकडा ऐकून पप्पा म्हणाले, "म्हणजे गाडी बारकी केलीस की." तसं होत नाही, कारण पेट्रोलच्या इंजिनाला त्याची ताकद दाखवायला आधी ओरडावं लागतं, इलेक्ट्रिक मोटर उभ्याउभ्याच पूर्ण जोर लावते. पुण्याजवळच्या एका भंगारवाल्याकडे अशी मोटर २८ हजारांना मिळाली. ती मी एसटीच्या टपावर नाही, मित्राच्या टेम्पोतून आणली, पण किणीच्या टोलनाक्यापर्यंत पाय तिच्यावर ठेवूनच बसलो होतो.

आता तो हिशेब, ज्याने मला सगळ्यात जास्त चक्रावलं. एक लिटर पेट्रोलमध्ये जवळपास ९ युनिट ऊर्जा असते. युनिट म्हणजे आपल्या लाइटबिलातलंच युनिट. मी जी बॅटरी बसवली ती १४.३ युनिटांची. म्हणजे दीड लिटर पेट्रोलची बाटली आणि थोडंसं वर. ८६ किलोचे सेल, लाखाच्या वर किंमत, आणि आत किती ऊर्जा, तर पाण्याच्या मोठ्या बाटलीत मावेल एवढी. पेट्रोल ही किती भयंकर दाट वस्तू आहे ते मला त्या दिवशी समजलं. पण हीच मारुती दीड लिटरमध्ये फार तर २५-२७ किलोमीटर जायची. कारण पेट्रोलमधली बहुतेक ऊर्जा रेडिएटर आणि सायलेन्सर गरम करण्यात जाते, चाकापर्यंत पोचते ती पावभर. मोटर आणि कंट्रोलर मिळून बारा-पंधरा टक्के खातात, बाकी चाकाला देतात. म्हणून तेवढ्याच ऊर्जेत आमची गाडी मळ्यातल्या कच्च्या रस्त्यावर ९५ किलोमीटरच्या आसपास जाते, तीही बॅटरीचा पाचवा हिस्सा शिल्लक ठेवून.

पण मोटर हातात आली म्हणजे गाडी झाली असं नाही. मोटरचा शाफ्ट एका कंपनीचा, गिअरबॉक्स दुसऱ्या कंपनीचा. दोघांची ओळख नाही. त्यांची सोयरीक जुळवायला एक जाड प्लेट लागते आणि एक कपलर. प्लेट मोटरला गिअरबॉक्सच्या तोंडावर धरून ठेवते, कपलर दोन्ही शाफ्ट जोडतो. हे दोन तुकडे कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. व्हिडिओत ते नेहमी एका कटमध्ये उरकतात: आत्ता नव्हते, आता आहेत.

आमच्याकडे मात्र उद्यमनगर आहे. कोल्हापूर ज्यांना फक्त तांबड्या-पांढऱ्या रश्श्यापुरतं माहीत आहे त्यांनी एकदा शिवाजी उद्यमनगरच्या गल्ल्यांतून चालावं. प्रत्येक शटरमागे लेथ, मिलिंग, शेपर, कुठे फाउंड्रीचा पॅटर्न, आणि पायाखाली निळसर बुरा. तिथले एक लेथवाले मामा, वय साठीच्या पुढचं, शिक्षण नववी. मी लॅपटॉपवर प्लेटचं थ्रीडी मॉडेल करून नेलं होतं. मामांनी ते दोन्ही बाजूंनी फिरवून बघितलं, म्हणजे मला फिरवायला लावलं, आणि म्हणाले, "चित्र लई भारी काढलंयस. गिअरबॉक्स कुठाय?"

गिअरबॉक्स आणला. मामांनी पहिल्यांदा बेल हाउसिंगच्या दोन डॉवेल पिना बोटाने चाचपल्या. इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांच्या बरोबर समोर येतात ते बोल्टांमुळे नव्हे, या दोन पिनांमुळे. बोल्ट फक्त आवळतात, जागा पिना ठरवतात. हे मी कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं, पण मामांचं बोट त्या पिनेवर फिरताना बघितलं तेव्हा ते वाक्य खरं झालं. २० मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची प्लेट त्यांनी पिनांच्या मापावरून उतरवली, माझ्या मॉडेलवरून नाही.

कपलरचं काम त्याहून नाजूक. गिअरबॉक्सच्या शाफ्टवर ज्या खाचा असतात तशाच खाचा आतून पाडणं महाग पडतं. म्हणून जगभर सगळे करतात तेच केलं: जुन्या क्लचप्लेटचा मधला हब कापून काढला, त्यात खाचा तयारच असतात. तो हब एका बाजूला, मोटरच्या शाफ्टला बसेल अशी बाही दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही एका सरळ रेषेत. सरळ म्हणजे किती सरळ? मोटर मिनिटाला काही हजार फेरे घेते. शाफ्ट किंचित जरी लंगडला तरी आधी आवाज येतो, मग बेअरिंग जातं, मग शाफ्ट. मामांनी डायल गेज लावला, हाताने शाफ्ट हळूहळू फिरवला. काटा आठ रेघा हलला. एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग.

"चालतंय की एवढं," शेजारच्या शटरातला पोरगा म्हणाला.

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी कपलर काढला, पुन्हा चकमध्ये धरला. तीन वेळा असं झालं. तिसऱ्यांदा काटा तीन रेघांवर आला आणि मामांनी तंबाखू मळायला घेतली. त्याचा अर्थ काम संपलं. १४ हजार झाले. घासाघीस करायची हिंमत झाली नाही, आणि मी ती केलीही नाही. मोठ्या कंपन्यांत ज्याला "टॉलरन्स स्टॅक-अप" म्हणतात आणि ज्यावर मीटिंगा होतात, तो विषय या माणसाने तीन चहांत संपवला होता.

क्लच आम्ही ठेवला नाही. मोटर जागेवर फिरत राहत नाही, थांबली की थांबते, त्यामुळे सुटताना क्लचची गरज उरत नाही. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकायची आणि तिथेच राहू द्यायची. चढ असला तर उभं राहून पहिला. पप्पांचा डावा पाय अजूनही रिकाम्या जागेवर दाबला जातो.

विजेच्या बाजूचं थोडं सांगतो, कारण इथे माणसं मरू शकतात. डीसी ६० व्होल्टच्या वर गेली की वाहनांच्या सुरक्षेचे नियम तिला वेगळ्या, धोक्याच्या वर्गात टाकतात. आमचे लिथियम फॉस्फेटचे १६ सेल एका माळेत आहेत. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येकी ३.६५ व्होल्ट, म्हणजे ५८.४. त्या रेषेच्या जेमतेम खाली. ही ४८ व्होल्टची मोटर निवडण्याचं मुख्य कारण हेच. शेडमध्ये आई येते, चुलतभावाची पोरं येतात, मांजर तर बॅटरीच्या खोक्यावरच झोपतं. पण व्होल्टेज कमी ठेवलं की करंट वाढतो. तेवढीच ताकद ४८ व्होल्टवर काढायची तर ४०० अँपिअर लागतात. घरातल्या गिझरच्या तीस-चाळीसपट करंट. म्हणून आमच्या गाडीखालून जी केबल जाते ती वेल्डिंगची, ७० स्क्वेअर एमएमची, अंगठ्याएवढी जाड. कंट्रोलर फोर्कलिफ्टमध्ये असतो तसला. त्याला मी ३५० अँपिअरची मर्यादा घातली.

घरातला एमसीबी इथे चालत नाही, हे मात्र ज्यांना हा नाद आहे त्यांनी भिंतीवर लिहून ठेवावं. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येतच नाही. ठिणगी ताणली जाते आणि जळतच राहते. मी एका व्हिडिओत पाहिलं, पठ्ठ्याने फ्लॅटमधला एमसीबी डिक्कीत लावला होता आणि खाली हजारो लाइक्स.

माझ्या कोडचा भाग एवढासाच, ४०० ओळींच्या आत. चावी फिरवली की सरळ बॅटरी जोडायची नसते. कंट्रोलरच्या आतले कपॅसिटर कोरडे असतात. सुकलेल्या रानात पाटाचं दार एकदम उघडलं तर बांध फुटतो तसं होतं, कॉन्टॅक्टरचे टोक जागच्या जागी वेल्ड होतात आणि मग ते बंदच होत नाहीत. म्हणून आधी एका रेझिस्टरमधून थोडं पाणी सोडायचं, व्होल्टेज चढू द्यायचं, मग मोठं दार. त्यानंतर बघायचं की पॅडलवर पाय नाही ना. पॅडलला दोन सेन्सर, दोघांचं म्हणणं जुळलं नाही तर मोटर बंद. ऑफिसात माझ्या कोडमध्ये काही निघालं तर टिकेट पडतं आणि सोमवारी बघू म्हणता येतं. या ४०० ओळी मी छापून घेतल्या आणि पेनाने खुणा करत तीन रात्री वाचल्या. असं मी आजवर कुठल्याच कोडसाठी केलं नव्हतं.

सेल एका विक्रेत्याकडून मागवले. "नवे, ए ग्रेड" असं बिलावर होतं. प्रत्येक सेल वेगळा चार्ज करून, लोड लावून रिकामा करून मोजायचा म्हटलं तर एकेका सेलला दिवस जातो. मी शनिवार-रविवार येणार, म्हणजे दोन महिने. पप्पा म्हणाले, "मला शिकव, मी करतो." त्यांनी सरकारी रजिस्टर असतं तसलं लांबट रजिस्टर आणलं, लाल शाईने रकाने आखले: सेल क्रमांक, दिनांक, सुरुवातीचे व्होल्ट, शेवटचे व्होल्ट, अँपिअर-तास, शेरा. १६ पैकी १४ सेल २८०च्या आसपास निघाले. पाच नंबरचा २३१ला संपला, अकरा नंबरचा २६४ला. विक्रेत्याने फोन उचलणं बंद केलं तेव्हा पप्पांनी त्याला त्या रजिस्टरच्या पानांचे फोटो, प्रत्येक पानावर स्वतःची सही करून, पाठवले. पाच नंबर बदलून आला. अकरा नंबरला तो "टॉलरन्समध्ये आहे" म्हणाला. शेऱ्याच्या रकान्यात पप्पांनी लिहिलं: "समाधानकारक नाही. तूर्त ठेवून घेतला."

आठ सेल पुढे, आठ मागे. मागे सगळे ठेवले असते तर पुढची चाकं हलकी झाली असती आणि ब्रेक लावताना गाडीने तोंड फिरवलं असतं. वजन बघायला ट्रॅक्टरमागे बांधून गाडी गावातल्या उसाच्या काट्यावर नेली. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची, मग सगळी. काटा १० किलोच्या खाली बोलत नाही, पण तेवढं पुरे. इंजिन, टाकी, सायलेन्सर, रेडिएटर गेल्यावर आणि मोटर-बॅटरी आल्यावर एकूण फरक २० किलोंचा. दोन धिप्पाड पाहुण्यांऐवजी एक शाळकरी पोरगं जास्त बसलं, असं काटेवाल्याने भाषांतर केलं.

विहिरीपासून गुऱ्हाळापर्यंत आमच्याच मळ्यातून ६५० मीटरचा रस्ता आहे. एका रविवारी संध्याकाळी ती त्या रस्त्यावर गेली आणि परत आली. फारसं काही घडलं नाही, हीच गंमत. इंजिनाचा आवाज गेला की गाडीतले बाकीचे आवाज ऐकू येतात, जे पंधरा वर्षं तिथेच होते: डाव्या दाराची काच, मागच्या सीटचा एक स्प्रिंग, चाकाखालचा मुरूम. रस्त्यात आडवा पडलेला आमचा कुत्रा उठलाच नाही. त्याला गाडी येतेय हे समजलं नाही. आता मी हॉर्न वाजवून जातो. आई मागे बसली होती. ती म्हणाली, "देवळात शिरल्यासारखं वाटतंय, पण स्प्रिंग टोचतोय."

इथवर सगळं आमच्या हातातलं होतं. इथून पुढे फाटकाबाहेरचा रस्ता.

माझा विचार असा होता की गाडी तीच, चेसिस नंबर तोच, नंबर प्लेट तीच, कोण बघतंय? मला कामाला लागल्यापासून हीच सवय: आधी चालू करा, परवानगी नंतर. पप्पा खुर्चीवर बसले होते. ते म्हणाले, "आरसीवर इंधन पेट्रोल लिहिलंय. गाडीत पेट्रोल आहे का?"

"नाही."

"मग ही ती गाडी नाही."

ते तेहतीस वर्षं दुसऱ्यांचे कागद बघत आले. एक सही कमी म्हणून अर्ज परत करणारा जो माणूस आपण सगळ्यांनी शिव्या देत पाहिलाय, तो माझ्या घरात राहतो. लहानपणी मला त्याची थोडी लाज वाटायची. त्या दिवशी ते शांतपणे म्हणाले, "उद्या कुणाचं पोरगं आडवं आलं, तुझी चूक असो नसो, विमावाला पहिल्यांदा काय बघणार? कागद. कागदावरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी वेगळी निघाली की तो हात वर करणार. मग त्या पोराच्या घरच्यांना पैसे कोण देणार? तू?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

कायदा मी मग नीट वाचला. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की आरसीवरच्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. पण त्याच कलमात गाडी दुसऱ्या इंधनावर नेण्याची सोयही आहे, आणि त्यात सीएनजी, एलपीजीबरोबर बॅटरी आणि सौरऊर्जा हे शब्दही आहेत. म्हणजे सरकारने या गोष्टीचा विचारच केला नाही असं म्हणता येत नाही. फक्त तो विचार किटच्या भाषेत केलाय. रिक्षाला सीएनजी किट बसतं तसं: किट बनवणाऱ्याने ते एआयएस-१२३ या मानकाप्रमाणे तपासून घ्यायचं, कुठल्या मॉडेलला चालेल ते ठरवून घ्यायचं, अधिकृत माणसाने ते बसवायचं, मग आरटीओ आरसीवर इंधन बदलून देणार. २०२१मध्ये स्प्लेंडरच्या इलेक्ट्रिक किटला मान्यता मिळाल्याची बातमी सगळ्यांच्या फोनवर फिरली होती, ती याच वाटेने. शेडमध्ये एकच गाडी बनवणाऱ्या माणसासाठी त्या वाटेवर फाटक नाही.

तपासणी करणाऱ्या संस्थांपैकी एक पुण्यात आहे, एआरएआय. पुणेकरांना ती टेकडीमुळे माहीत. कोथरूडच्या माझ्या फ्लॅटवरून मी कित्येक रविवारी पहाटे एआरएआय टेकडीवर सूर्योदय बघायला गेलोय, कुंपणाच्या बाजूने, हातात फोन धरून. कुंपणाच्या आत विजेची सुरक्षितता, मोटरची ताकद, रेंज, सगळं मोजायची यंत्रं आहेत. माझ्या गाडीला जे सर्टिफिकेट हवंय ते त्या कुंपणाच्या आत मिळतं. पण एक किट हजार गाड्यांना विकणाऱ्या कंपनीला त्या चाचण्यांचा खर्च परवडतो. एका मारुतीला नाही.

तरी आम्ही आरटीओत गेलो. पप्पांनी फाइल केली होती: सर्किटचा आराखडा, वजनाच्या पावत्या, फ्यूजची बिलं, सेलचं रजिस्टर. अधिकाऱ्यांनी फाइल शेवटपर्यंत चाळली, ज्याची मला अपेक्षा नव्हती. मग फोनवर बॉनेटचे फोटो मागितले. मग विचारलं, "रेंज किती देते?" मग, "खर्च किती आला?" मी म्हणालो, २ लाख ४५ हजार. मग त्यांनी चष्मा काढला आणि पप्पांकडे बघून म्हणाले, "साहेब, काम चांगलंय. पण मान्यताप्राप्त किटचं सर्टिफिकेट नसताना मी सही करू शकत नाही. उद्या दुसरा कुणीतरी पत्र्याच्या डब्यात बॅटरी घालून येईल, त्याला मी कशाच्या आधारावर नाही म्हणू?" पप्पा म्हणाले, "बरोबर आहे." दोन क्लार्क एकमेकांना ओळखतात तशी ती दोघं एकमेकांना ओळखत होती. बाहेर येऊन आम्ही दोघांनी मिसळ खाल्ली आणि बराच वेळ बोललो नाही.

मी चिडलो होतो, हे लपवत नाही. पण चीड कशावर, हे ठरवायला मला वेळ लागला. नियम नको, असं मला म्हणता येत नाही. तो एमसीबीवाला पठ्ठ्या माझ्या आईच्या मागून गाडी चालवत यावा असं मला वाटत नाही. जर्मनीत नियम आपल्यापेक्षा सैल नाहीत. तिथे मात्र घरी बदललेली एकच गाडी घेऊन तुम्ही तपासनीसाकडे जाऊ शकता. तो ती वर-खाली बघतो, चिरफाड करतो, भरपूर पैसे घेतो, आणि पटलं तर पास करतो. ब्रिटनमध्ये इंधन बदललं की पुराव्यासह कळवून नोंद बदलता येते. उलट फ्रान्सने २०२०मध्ये जो नियम केला तो बराचसा आपल्यासारखाच, किटचा आणि अधिकृत कारागिरांचा. म्हणजे दोन्ही प्रकारांनी जग चालतं. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या देशात उद्यमनगरासारख्या गल्ल्या आहेत, जिथे नववी शिकलेला माणूस मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर तडजोड करत नाही, तिथे किटशिवाय आलेल्या कामाकडे बघायला एक टेबल असायला हवं. सही नाकारा. पण बघून नाकारा. आमची गाडी त्या अधिकाऱ्यांनी फोटोत बघितली. तपासायचा अधिकारच त्यांना नव्हता.

मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांना फारसं वाईट वाटलं नाही. "माझी प्लेट फिरतीय न्हवं?" एवढंच विचारलं.

प्लेट फिरत नाही, मामा, कपलर फिरतो, असं मी म्हणालो नाही.

तर सध्या गाडी फाटकाच्या आत आहे. पप्पांनी विमा कंपनीला आणि आरटीओला गाडी वापरात नसल्याचं लेखी कळवलं आणि पोच घेतली. खताच्या गोण्या, चाऱ्याच्या पेंढ्या, दुधाच्या किटल्या ती मळ्यातल्या मळ्यात वाहते. मागची सीट काढली, त्यामुळे स्प्रिंगचा प्रश्न मिटला. थ्री-फेज रात्री दोनला येते तेव्हा पप्पा पाणी पाजायला तिच्यातून विहिरीवर जातात. पूर्वी अंधारात चालत जायचे आणि आई जागी राहायची. लाइट गेली की तिच्यावर एक इन्व्हर्टर लावून गोठ्यातले दिवे आणि घरातला फ्रीज चालतो. ज्या गाडीला रस्ता नाही तिचा महिन्याचा वापर, पप्पांच्या रजिस्टरप्रमाणे, गेल्या महिन्यात ३८ युनिट होता. २०२७मध्ये रजिस्ट्रेशनची मुदत संपेल. तेव्हा काय करायचं हा विषय निघाला की पप्पा म्हणतात, "अजून वेळ आहे, नियम बदलतात," आणि त्यांनी आयुष्यभर नियम बदलताना बघितलेत, त्यामुळे मी गप्प बसतो. फाइल त्यांनी टाकून दिलेली नाही. तिला लाल दोरी बांधून कपाटात ठेवलीय, वर "प्रलंबित" लिहून.

दर रविवारी, मी गावी गेलो नसेन तर, सकाळी नऊच्या सुमारास व्हॉट्सॲपवर रजिस्टरच्या पानाचा फोटो येतो. सोळा ओळी, निळी शाई, खाली सही. या रविवारचा आत्ताच आलाय. पंधरा सेल ३.३१वर आहेत. अकरा नंबर ३.२८. शेरा: "पुढील वेळी येताना क्लॅम्प मीटर आणणे."